पाटी लावा, पण स्वतःच्या नावाने

मंडळी, पोस्ट मोठी आहे. विषय कॉम्प्युटरवाल्यांचा वाटेल, पण पूर्ण वाचलीत तर कळेल की तो आपल्या सगळ्यांच्या खिशाचा आहे.

२०२५ हे वर्ष पुण्यातल्या गाडीवाल्यांनी "नंबर प्लेट बसवली का?" या एकाच प्रश्नात काढलं. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदवलेल्या सगळ्या गाड्यांना एचएसआरपी सक्तीची. मुदत आधी मार्चअखेर, मग एप्रिलअखेर, मग जूनअखेर, मग १५ ऑगस्ट, मग नोव्हेंबरअखेर. दुचाकीला ४५० रुपये, तीनचाकीला ५००, मोटारीला ७४५, वर जीएसटी. एमएच १२ च्या साध्या माणसाने काय केलं? मोबाईल काढला, गुगलमध्ये चार शब्द टाकले आणि जी लिंक आधी दिसली ती दाबली. सरकारी वाटाव्यात अशा बनावट साइट तिथे पैसे घ्यायला बसलेल्याच होत्या. शेवटी परिवहन विभागालाच सांगावं लागलं की बाबांनो, बुकिंग आमच्या अधिकृत साइटवरूनच करा.

त्याच वर्षी सप्टेंबरात लाडकी बहीण योजनेचं ई-केवायसी सुरू झालं. महिन्याचे १५०० रुपये थांबतील या धास्तीने घरोघरी बायका मोबाईल घेऊन बसल्या. योजनेच्या नावाशी मिळत्याजुळत्या नावाच्या किती साइट समोर येतात, ते स्वतः टाइप करून बघा. खऱ्या साइटचा पत्ता 'महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन' असा संपतो. पण आधार क्रमांक आणि ओटीपी टाकायच्या घाईत पत्त्याचं शेपूट कोण वाचतं?

चुकीची साइट वर दिसते याची कारणं बरीच आहेत. पैसे देऊन केलेली जाहिरात असते, व्हॉट्सअ‍ॅपचे फॉरवर्ड असतात, टेलिग्रामचे ग्रुप असतात. आणखी एक कारण आहे, ज्यावर फारसं कुणी बोलत नाही, कारण ते काम एसी ऑफिसात, नीट पगारपत्रक असलेल्या कंपन्यांत चालतं. सोशल मीडियावर प्रोफाइल उघडायची आणि त्यातून वेबसाइटच्या लिंक पेरायच्या. त्या बनावट साइट पुण्यातल्या कुण्या एजन्सीने वर आणल्या, असं मी म्हणत नाहीये. म्हणतोय ते एवढंच, की सभ्य माणसं जे हत्यार रोज वापरतात, तेच भामटाही उचलतो. आणि सभ्य माणसांनी ते इतकं सर्रास केलंय की भामटा गर्दीत ओळखूच येत नाही.

आधी हे चालतं कसं, ते थोडक्यात सांगतो.

गुगलच्या मुळाशी एक साधी कल्पना आहे. स्टॅनफर्डच्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी ती १९९८ मध्ये मांडली. संशोधनात ज्या निबंधाचा संदर्भ इतर अभ्यासक जास्त देतात, तो महत्त्वाचा समजतात. तसंच वेबसाइटचं. ज्या पानाकडे इतर चांगली पानं बोट दाखवतात, ते पान वर. म्हणजे लिंक ही एक शिफारस झाली. आपण नवीन भागात राहायला गेलो की डॉक्टर कोण चांगला, हे शेजारी विचारतो ना, तसंच. दहा घरांनी एकच नाव घेतलं की आपण निर्धास्त जातो. आता समजा, त्या दहा घरांत माणसंच राहत नाहीत. डॉक्टरनेच रिकाम्या दारांवर वेगवेगळ्या आडनावांच्या पाट्या ठोकल्यात. मग?

खोट्या प्रोफाइलमधून लिंक बांधणं म्हणजे हेच. पुण्यात डिजिटल मार्केटिंगचे क्लास किती आहेत, ते डेक्कनपासून हिंजवडीपर्यंत बोर्ड वाचत गेलात तरी कळेल. तिथे 'ऑफ-पेज' नावाचा धडा असतो. त्यात 'प्रोफाइल क्रिएशन' हे सगळ्यात सोपं काम, म्हणून नव्या पोरांना देतात. फुकट खातं उघडता येईल अशा साइटची यादी हातात. नाव टाका, फोटो टाका, 'माझ्याविषयी'च्या चौकटीत दोन ओळी टाका आणि वेबसाइटच्या रकान्यात क्लायंटचा पत्ता. झालं की पुढची साइट. संध्याकाळी एक्सेल शीट भरायची: आज इतक्या लिंक. महिन्याच्या शेवटी ती शीट क्लायंटला जाते आणि त्यावर बिल निघतं.

अशाच एका ऑफिसात वर्षभर काम केलेली, सासवडकडून रोज एसटीने येणारी एक मुलगी मला म्हणाली, "सर, मी सकाळी साताऱ्याची गृहिणी असते, दुपारी नागपूरचा फिटनेस ट्रेनर आणि संध्याकाळी लंडनमधली विद्यार्थिनी. तिघांनाही एकाच कंपनीची गादी आवडते." आम्ही दोघंही हसलो. मग ती म्हणाली, "पण घरी आई विचारते, तू नेमकं काय काम करतेस. तेव्हा सांगता येत नाही हो."

माझ्या मते सगळा प्रश्न तिच्या त्या एका वाक्यात आहे. जे काम आईला सांगता येत नाही, त्याला 'स्ट्रॅटेजी' म्हटल्याने ते स्वच्छ होत नाही.

आता गैरसमज नको म्हणून स्पष्ट करतो. कोथरूडमधल्या चष्म्याच्या दुकानदाराने इन्स्टाग्रामवर, फेसबुकवर आपल्या दुकानाचं पान काढलं आणि त्यात आपल्या वेबसाइटची लिंक दिली, तर त्यात वावगं काहीच नाही. उलट त्याने ते केलंच पाहिजे. लेखकाने पुस्तकाची लिंक द्यावी, मेसवालीने मेन्यूची द्यावी, मी माझ्या बातमीची देतो. ही झाली आपल्या दारावरची पाटी. पुणेरी पाट्यांची जग थट्टा करतं, पण त्यांचा एक गुण कुणी ध्यानात घेत नाही. पाटी कितीही तिरकस असली तरी ती मालकाच्या स्वतःच्या दारावर असते. भांडायचं तर बेल कुणाची वाजवायची, ते माहीत असतं.

बिघडतं कुठे? तिसऱ्याच्या नावाने पाटी लागते तिथे. नसलेली गृहिणी, नसलेला डॉक्टर, कुणाच्या तरी लग्नाच्या अल्बममधून उचललेला फोटो, आणि त्या तोंडून 'मला ही साइट उपयोगी पडली'. वाचणारा माणूस आणि यादी लावणारं गुगल, दोघांनाही वाटतं की कुणीतरी तटस्थ माणूस शिफारस करतोय. प्रत्यक्षात मालकच स्वतःची पाठ थोपटतोय.

आपल्याला चौकाचौकातल्या फ्लेक्सचा राग येतो. भाऊंचा वाढदिवस, खाली चाळीस 'शुभेच्छुकां'चे गोल फोटो. पण खरं सांगू का? त्या फ्लेक्समध्ये या लिंकांपेक्षा जास्त प्रामाणिकपणा आहे. ते चाळीस चेहरे खरे असतात. त्यांनी स्वतःहून फोटो दिलेला असतो. आणि खांब महापालिकेचा असतो म्हणून आकाशचिन्ह विभागाची गाडी येऊन तो फ्लेक्स उतरवू तरी शकते, १९९५ चा विद्रूपीकरणाचा कायदा तरी दाखवता येतो. इंटरनेटवरच्या या पाट्यांना ना चेहरा खरा, ना खांबाचा मालक लक्ष देणारा.

बरं, याचा उपयोग तरी होतो का? इथे गंमत आहे. गुगलला हा खेळ फार आधी कळला. जानेवारी २००५ मध्ये 'नोफॉलो' नावाची खूण आली. लिंकवर ती खूण असली की तिचं मत मोजायचं नाही. आज बहुतेक मोठ्या सोशल मीडिया साइट बाहेरच्या लिंकवर ही खूण आपोआप लावतात. २०१९ मध्ये पैसे दिलेल्या लिंकसाठी आणि वापरकर्त्यांनी टाकलेल्या लिंकसाठी आणखी दोन वेगळ्या खुणा आल्या, आणि गुगलने सांगितलं की या खुणांकडे आता आम्ही इशारा म्हणून बघू. त्याआधी २०११ मध्ये अमेरिकेतल्या जेसी पेनी या बड्या दुकानसाखळीचं लिंक प्रकरण न्यूयॉर्क टाइम्सने उघडं पाडलं आणि गुगलने तिला यादीत खाली ढकललं. २०१२ च्या एप्रिलमध्ये 'पेंग्विन' नावाचा बदल आला, तो खास अशा बनावट लिंकवाल्यांसाठीच होता.

म्हणजे प्रोफाइलच्या शेकडो लिंकांचं वजन बहुतेक वेळा शून्याच्या आसपास असतं. तरी एक्सेल शीट भरतेय, बिल निघतंय. इथे फसणारा पहिला माणूस कोण? तोच दुकानदार, ज्याने एजन्सीला पैसे दिले. त्याला आकडा दाखवतात, परिणाम नाही.

मग हे बंद का होत नाही? कारण काही ठिकाणी ते थोडंफार चालतं. मोठ्या साइटवरचं प्रोफाइलचं पान स्वतःच गुगलमध्ये वर दिसू शकतं, साइट मोठी असते म्हणून. एखाद्या कंपनीविरुद्ध तक्रारी असतील, तर तिच्या नावाची वीस गोड पानं उघडून पहिलं पान भरून टाकता येतं, तक्रारी मागे ढकलता येतात. ज्या विषयावर चांगला मजकूर आधीच भरपूर आहे तिथे हे कमी चालतं. आणि मराठीत, सरकारी योजनांच्या विषयात, चांगला मजकूर कमी आहे. इंग्रजीत शोधणाऱ्याच्या समोर पाच चांगले पर्याय असतात. मराठीत शोधणाऱ्या मावशींसमोर सरकारची एक संथ साइट आणि तिच्याभोवती घिरट्या घालणाऱ्या पन्नास खासगी साइट. त्यांच्यासाठी खोट्या शिफारशीचं वजन जास्त पडतं.

भरवसा चोरण्याच्या याच जातीतली दोन उदाहरणं सांगतो. २०१८ मध्ये बँक ऑफ इंडियाच्या तक्रारी महाराष्ट्र सायबर पोलिसांकडे आल्या. गुगल मॅपवरचे बँकेचे फोन नंबर कुणीही दुरुस्त करू शकत होतं, भामट्यांनी तिथे स्वतःचे नंबर टाकले. लोक बँकेला फोन लावतोय समजून चोराला पिन सांगत होते. आणि मे २०२४ मध्ये टेकक्रंचने दाखवलं की गोवा, कर्नाटक, केरळ अशा राज्यांच्या सरकारी साइटच्या कितीतरी लिंक दाबल्या की ऑनलाइन सट्ट्याच्या साइट उघडतात. सरकारी पत्त्याची पत सट्टेवाल्यांनी फुकटात वापरली. पद्धत वेगळी, पण चोरलेला माल तोच.

आता आमच्या धंद्याबद्दल बोलतो, नाहीतर म्हणाल पत्रकाराला दुसऱ्याच्याच डोळ्यातलं कुसळ दिसतं.

वर्तमानपत्राच्या पानावर तळाशी बारीक अक्षरात एक ओळ असते. मालक कोण, मुद्रक-प्रकाशक कोण, संपादक कोण, कुठे छापलं. 'पीआरबी कायद्यानुसार जबाबदारी' अमक्याची. ती ओळ १८६७ च्या कायद्यातून आली. इंग्रजांनी तो कायदा स्वतःच्या सोयीसाठी केला, पण त्यातलं तत्त्व आपण ठेवलं. २०२३ मध्ये नवा कायदा आला तरी ते तत्त्व गेलं नाही: छापील शब्दामागे नाव-पत्त्याचा माणूस हवा. पत्रकारितेच्या डिप्लोमाला आम्हाला पहिल्या महिन्यात हेच शिकवलं होतं. आणि दुसरं हे, की जाहिरात असेल तर 'जाहिरात' असं लिहा.

ते तत्त्व आमच्याच लोकांनी मोडलं तेव्हा काय झालं, ते महाराष्ट्राला आठवत असेल. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत पैसे घेऊन छापलेल्या बातम्या. पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'त दाखवून दिलं की एकच मजकूर, शब्द न् शब्द तोच, वेगवेगळ्या वर्तमानपत्रांत वेगवेगळ्या नावांनी बातमी म्हणून आला होता. प्रेस कौन्सिलने दोघांची उपसमिती नेमली, २०१० मध्ये तिचा अहवाल झाला, आणि तो पूर्ण बाहेर यायला २०११ मध्ये माहिती आयोगाचा आदेश लागला. 'पेड न्यूज' हा शब्द तेव्हापासून चहाच्या टपरीवर पोहोचला. त्याची किंमत आम्ही अजून मोजतोय. आज खरी बातमी दिली तरी लोक विचारतात, "किती मिळाले?"

नसलेल्या वीस माणसांच्या नावाने एकच शिफारस छापणं आणि वेगवेगळ्या नावांखाली एकच पेड न्यूज छापणं, यात मला फरक दिसत नाही. आणि मोहही तसाच आहे. छोटं न्यूज पोर्टल चालवणाऱ्या कुठल्याही पत्रकाराचा मेल उघडून बघा. 'आमचा लेख छापा, त्यात फक्त एक लिंक ठेवा, जाहिरात असं लिहू नका, दर सांगा.' मलाही असे मेल येतात. बऱ्याचदा लिंक सट्ट्याची नाहीतर झटपट कर्जाची असते. महिनाअखेरीला वीजबिल आणि सर्व्हरचं बिल समोर असताना 'नाही' म्हणणं सोपं नसतं, हे मान्य. पण ज्या पोर्टलवर तालुक्याचा माणूस पाणीकपातीची बातमी वाचायला येतो, त्याच्या भरवशावर सट्ट्याचं दुकान थाटायचं, हे चालणार नाही.

माझे डिजिटल मार्केटिंगमधले मित्र यावर म्हणतात, "दादा, तुमचं बरोबर आहे, पण मोठ्या कंपन्यांकडे जाहिरातीला कोट्यवधी असतात. छोट्याने वर यायचं कसं? आम्ही कुणाचं वाईट करत नाही, चार प्रोफाइल काढतो."

यातली पहिली अर्धी गोष्ट खरी आहे. पैसेवाल्याची जाहिरात वर आणि गल्लीतल्या चांगल्या मेकॅनिकचं नाव तिसऱ्या पानावर, हा अन्याय आहेच. पण खोट्या प्रोफाइलने तो दूर होत नाही, कारण त्या खेळातही ज्याच्याकडे जास्त पोरं कामाला ठेवायला पैसा, तोच जिंकतो. छोट्या माणसाची खरी ताकद कशात असते? त्याच्या पन्नास खऱ्या गिऱ्हाइकांत. त्यांनी स्वतःच्या नावाने दोन ओळी लिहिल्या, तर ती शिफारस कुठलीही एजन्सी विकत देऊ शकत नाही. खोट्या शिफारशींचा पूर आला की बुडतात त्या याच खऱ्या दोन ओळी.

आणि 'कुणाचं वाईट करत नाही' म्हणाल, तर पुण्यातल्या टास्क फ्रॉडकडे बघा. २०२३ पासून पुणे आणि पिंपरी-चिंचवड पोलिसांकडे या तक्रारींची रांग आहे. मेसेज येतो, 'व्हिडिओ लाइक करा, हॉटेलला रेटिंग द्या, घरबसल्या पैसे मिळवा.' सुरुवातीला शे-दीडशे रुपये खरंच मिळतात, मग 'प्रीपेड टास्क'च्या नावाखाली लाखो जातात. फसणाऱ्यांत शिकलेले, आयटीतले लोक आहेत. लोक हसतात, एवढे शिकून फसले कसे? मला त्याचं नवल वाटत नाही. लाइक, रेटिंग आणि लिंक विकत मिळतात, त्यासाठी माणसं ठेवतात, हे सगळ्या शहराला माहीत आहे. म्हणूनच ती नोकरी खरी वाटते. खोट्या शिफारशीचा बाजार आपण खपवून घेतला, त्या बाजाराच्या दारातच चोर उभा राहिला.

कायदा अगदीच गप्प आहे असं नाही. जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या 'अ‍ॅस्की'ने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरसाठी नियम आणले: पैसे घेतले असतील तर सांगा. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये तेच बजावलं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये फसव्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक काढलं. पण हे सगळं प्रसिद्ध चेहऱ्याला आणि मोठ्या कंपनीला लागू करणं सोपं. नसलेल्या साताऱ्याच्या गृहिणीला नोटीस कुठल्या पत्त्यावर पाठवणार? म्हणून जबाबदारी खोट्या चेहऱ्यामागे पैसे देणाऱ्यावर आणि घेणाऱ्यावर यायला हवी.

मला सुचतं ते सांगतो.

क्लासवाल्यांनो, तुमच्या अभ्यासक्रमातून बनावट प्रोफाइलचा धडा काढा. मुलांना चांगला मराठी मजकूर लिहायला शिकवा, त्याची टंचाई आहे.

एजन्सीवाल्यांनो, बिलात लिंकांचा आकडा लिहिता, तशी शेजारी एक ओळ लिहा: यातली किती प्रोफाइल खऱ्या माणसाच्या नावाची आणि त्याच्या संमतीची आहेत.

दुकानदारांनो, कुणी 'महिन्यात ५०० लिंक' म्हणालं तर त्यातल्या पाच उघडून बघा. बोलणारा माणूस खरा वाटला नाही तर पैसे थांबवा. तुमच्या नावाने खोटं बोलणं चाललंय, ते तुमच्याच खात्यावर लागणार आहे.

महापालिका, आरटीओ आणि जिल्हाधिकारी कचेरीने एक सोपं काम करावं. प्रत्येक योजनेचा, प्रत्येक भरणा करायच्या जागेचा अधिकृत पत्ता मोठ्या अक्षरात, क्यूआर कोडसकट, वॉर्ड ऑफिसात, रेशन दुकानात, अंगणवाडीत, पेट्रोल पंपावर लावावा. आणि साइट मराठीत नीट चालवावी. खरं दुकान बंद असलं की शेजारच्या बनावट दुकानात गर्दी होते.

आणि आपण सगळे. पैसे किंवा आधार क्रमांक टाकण्याआधी पत्त्याचं शेपूट वाचा. सरकारी काम असेल तर 'जीओव्ही डॉट इन' आहे का बघा, आणि तिथेही भलतंच काही उघडलं तर मागे फिरा. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० वर फोन करा, पहिले काही तास महत्त्वाचे असतात.

एखादी लिंक टाकावी की नाही, याची कसोटी मला एवढीच वाटते: हीच शिफारस मी माझ्या खऱ्या नावाने, माझं नातं आणि मिळालेले पैसे सांगून करू शकेन का? करू शकत असाल तर खुशाल करा, हजार ठिकाणी करा. नाव लपवावं लागत असेल, तर आपण काय करतोय ते आपल्याला आधीच कळलेलं असतं.

त्या सासवडच्या मुलीने ते काम सोडलं. आता एका दुकानदाराचं पान सांभाळते, त्याच्याच नावाने. पगार आधीपेक्षा थोडा कमी आहे. पण काय काम करते, ते आईला सांगता येतं.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर खाली लिहा, भांडू. फक्त स्वतःच्या नावाने.